पुलाजवळचा सांधा

१२ जानेवारी

भाऊजी,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. सात वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता वर मानपानाचं काहीबाही लिहिलं, तर तुम्ही तिथे बसून हसाल. म्हणून नुसतं भाऊजी.

माझं बरंवाईट तुम्हाला ताईकडून कळत असेलच. नोव्हेंबरात निवृत्त झालो. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून लोकांचे तराजू, वजनं आणि कापड मोजायच्या पट्ट्या तपासल्या. आता मला बघून कोणी घाईघाईने पारडं पुसत नाही. पहिला महिना चुकल्याचुकल्यासारखं झालं. आता मजेत आहे. सकाळी दहाला वाचनालयाचा जिना चढतो, वरच्या हॉलच्या तिन्ही खिडक्या उघडतो आणि दोन वाजेपर्यंत आपल्या क्लबची छोटी रेल्वे आणि मी. रुळांवरची धूळ पुसायची, स्टेशनवरचे करंगळीएवढे प्रवासी पडले असतील तर उभे करायचे. यापेक्षा सुखाचं काम मला तरी ठाऊक नाही.

तुम्ही गेल्यापासून लेआऊट वाढलंय. भिंत संपली म्हणून आता दारासमोरून वळवलंय. आत यायचं तर फळी उचलावी लागते. भूगोलबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण डोंगर करायचं काही सोडत नाहीत. बोगद्यावर आणखी एक चढवलाय.

पत्राचं कारण वेगळंच. आपले सेक्रेटरी, दातांचे डॉक्टर, त्यांनी नवं इंजिन घेतलं. बारीक चाकांचं. चाकाच्या आतल्या बाजूची ती कड, जी रुळाला धरून चालते, ती इतकी पातळ की नखालाच कळावी. तुम्ही लेथवर कातली होतीत तशी. क्लबच्या नियमाप्रमाणे असली चाकं आपल्या रुळांवर चालत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सेक्रेटरीलाच नियम कोण सांगणार? त्यांनी सकाळी हॉलमध्ये कोणी नसताना (म्हणजे मी एकटा असताना) ते चालवलं. सगळीकडून गेलं. पुलाच्या अलीकडे एका लाइनीच्या दोन होतात ना, त्या सांध्यावरूनसुद्धा.

डॉक्टर तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, "मग तुमच्या भाऊजींचं का पडलं हो?"

मी म्हटलं, "बघायला हवं."

तर आता क्लबने ठरवलंय की अंदाजपंचे कारभार पुरे. चाकांचं आणि रुळांचं माप एकदाच ठरवायचं, लेखी. ते काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. म्हणून विचारतो. तुमच्या इंजिनाच्या चाकांच्या जोडीत, एका चाकाच्या आतल्या पाठीपासून दुसऱ्याच्या आतल्या पाठीपर्यंत, तुम्ही अंतर किती ठेवलं होतं? आठवत असेल तर कळवा. नसेल आठवत तर तसंही कळवा.

तुमचा मेहुणा

४ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच आकडा: १४.४. ना सही, ना "बरा आहेस का". पण शेवटच्या चाराचा पाय रेषेखाली ओढायची तुमची सवय गेलेली नाही. दोन दिवस ते कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. धोब्याकडे जाता जाता वाचलं.

तुमचाच आकडा धरला. पितळेच्या पट्टीला कानसीने खाचा पाडून एक गेज बनवलं. चाकांची जोडी खाचांत अलगद बसली तर पास, अडखळली तर नापास. एवढी पट्टी घासायला मला तीन सकाळी लागल्या. तुम्ही असतात तर अर्ध्या तासात झाली असती आणि वर दोन टोमणे मिळाले असते.

गेल्या शनिवारी सगळ्यांना आपापल्या गाड्या आणायला सांगितल्या. एकशे बारा जोड्या तपासल्या, एकोणचाळीस नापास. भूगोलबाईंची मालगाडी तर अख्खी नापास, शेवटच्या डब्यासकट. बाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना नापास केलं. कोणीतरी सूड उगवणारच होतं." मग खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक चाक आसावर हळूहळू पिळत सरकवायला शिकल्या. आता त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका चालतो. डॉक्टर घरचा छोटा आरसा घेऊन येतात, डबा उताणा धरतात आणि सवयीने म्हणतात, "आ करा." हसून हसून माझी पट्टी टेबलाखाली गेली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र नीट कळली. बाजारात मिळणारी जाड कडेची चाकं भलतीच सोशीक असतात. रूळ इकडेतिकडे झाला असला तरी ती ढकलत, घासत पलीकडे जातात. आपल्याला वाटतं रूळ उत्तम आहे. बारीक चाक तसं नाही. ते तंतोतंत चालतं, म्हणून रुळाची चूक त्याच्याच अंगावर येते. म्हणजे गाडी पडली की आपण चाकाला दोष देतो, पण दर वेळी दोष चाकाचाच असतो असं नाही.

हे अर्थात मी सर्वसाधारण म्हणून लिहितोय.

पुलाजवळच्या सांध्याबद्दलही लिहायचं होतं. पण ते पुन्हा कधीतरी, सावकाश. इथे सगळं छान आहे. खिडकीतून ऊन थेट स्टेशनवर पडतं आणि साडेअकराला स्टेशनच्या घड्याळावर येतं. ते बघत चहा पितो.

तुमचा मेहुणा

२५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं दुसरं कार्ड समोर आहे. "पुलाजवळच्या सांध्याचं काय ते आत्ता लिही. सावकाश नको."

लिहितो.

त्या रविवारची आठवण तुम्हाला करून द्यायची गरज नाही, पण मला माझ्या बाजूने सांगायला हवी. प्रदर्शनाचा दिवस. सकाळपासून चाळीसेक गाड्या पुलावरून गेल्या होत्या. अकराला तुम्ही तुमचं काळं इंजिन काढलंत. दोन वर्षं खपून बनवलेलं, चाकांपासून धुराड्यापर्यंत घरचं. मागे पाच डबे. सगळा हॉल टेबलाभोवती गोळा झाला. सांध्यावर इंजिनाचं पुढचं चाक उचललं गेलं, इंजिन तिरकं झालं आणि पुलावरून भूगोलबाईंच्या नदीत पडलं. धुराडं मोडलं. कोणीतरी हसलं. हसणाऱ्याचा दोष नाही, नदीत पडलेलं इंजिन दिसतंच तसं.

तुम्ही एवढंच म्हणालात, "रूळ बघ."

मी म्हणालो, "रुळाला काय झालंय? सकाळपासून चाळीस गाड्या गेल्या. चाकं बघा."

"चाकं मी स्वतः कातली आहेत."

"म्हणूनच म्हणतो."

ते दोन शब्द मी सगळ्यांसमोर बोललो. ताई थर्मास घेऊन बाजूलाच उभी होती. तुम्ही इंजिन उचललंत, पाण्यासारखं दिसणारं ते वार्निश रुमालाने पुसलंत, ताईने ते तिथेच पेटीत घालून सुतळीने बांधलं आणि तुम्ही गेलात.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते. मंगळवारी दुपारी मी एकटा हॉलवर गेलो आणि सांधा मोजला. दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथलं टोक, म्हणजे आपलं नाक. त्याच्यावर चाक आदळू नये म्हणून समोरच्या रुळाला लागून आखूड रूळ बसवतात, ज्याला तुम्ही राखण्या म्हणायचात. त्या राखण्याची फट एक पूर्णांक दोन मिलिमीटर हवी. ती निघाली एक पूर्णांक सहा. एका स्लीपरवरचा सोल्डरचा डाग नीट बसला नव्हता आणि राखण्या आतल्या अंगाला सरकला होता. तेवढ्या फटीत जाड कडा निभावून गेल्या. तुमचं पातळ चाक मात्र बाजूला ओढलं जाऊन नाकावर चढलं. तुमच्या चाकाचा कणभर दोष नव्हता.

तो सांधा मीच बसवला होता, प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात, गडबडीत. आणि मोजला नव्हता. नजरेला ठीक वाटला म्हणून सोडला. लोकांच्या पट्ट्या भिंग लावून तपासणारा माणूस घरच्या कामात नजरेवर गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

वीस मिनिटांत मी डाग काढून राखण्या जागेवर बसवला. हात धुतले, कुलूप लावलं आणि घरी आलो. शनिवारच्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, "सांधा तपासला का?" मी म्हणालो, "तपासला. अगदी बरोबर आहे." यात एक शब्दही खोटा नव्हता. शनिवारी तो बरोबरच होता. एकतीस वर्षं अहवाल लिहिल्यावर माणसाला असं बोलता येतं.

मग बारीक चाकांवर बंदीचा ठराव आला. अनुमोदक म्हणून माझी सही आहे. त्याची प्रत तुम्हाला पोस्टाने गेली. दोन महिन्यांनी तुम्ही लेकीकडे राहायला जायचं ठरवलंत. ताई म्हणाली, नातवंडांसाठी. मी ते खरं मानून घेतलं, कारण मला तेच सोयीचं होतं. पुढच्या वर्षी तिनं फोनवर बोलता बोलता सांगितलं की तुम्ही लेथ कुणाला तरी देऊन टाकला, आता काही बनवत नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर ती थाप होईल. जेवलो. पण त्यानंतर तो सांधा मी कधीच मान वर करून ओलांडला नाही. पुलाकडे जायचं तर टेबलाला उलटा वळसा घालून जायचो.

डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी हे लिहिलं असतं का? ठाऊक नाही. लिहिलं असतं असं म्हणवत नाही.

चूक माझी होती. त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे ती कळल्यावर मी गप्प बसलो. माफ करा म्हणायलाही उशीर झालाय, पण म्हणतो. माफ करा, भाऊजी.

तुमचा मेहुणा

३० मार्च

भाऊजी,

महिना झाला, कार्ड नाही. रागावला असाल तर तो तुमचा हक्कच आहे. मी लिहीत राहतो. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुम्हाला सांगितलं आणि क्लबला नाही, हे बरं दिसत नव्हतं. म्हणून मार्चच्या पहिल्या शनिवारी सगळे आल्यावर उभा राहिलो आणि तारखेवार सांगितलं. रविवार, मंगळवार, शनिवार. भाषण म्हणून वाईट झालं, दोनदा चष्मा पुसावा लागला. संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "सात वर्षं किडलेली दाढ तशीच ठेवलीत? दुखली कशी नाही?"

म्हटलं, "दुखत होती. त्या बाजूने चावत नव्हतो."

भूगोलबाई माझ्याशी पाच दिवस बोलल्या नाहीत. बोगद्याच्या त्या तोंडाला त्या, या तोंडाला मी. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पिशवीतून सोल्डरची तार काढून पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "तो सांधा मुळापासून पुन्हा बांधा. डागडुजी केलेला मला नको तिथे." मग मी जुना उखडला. दोन आठवडे लागले. प्रत्येक स्लीपर मोजला, प्रत्येक फट गेजने तपासली, बाईंनी शेजारी वहीत आकडे उतरवले. एवढं शांत, एवढं छान काम मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. झाल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "हं. आता पास."

जुना ठराव रद्द झाला. नवं माप लेखी झालंय: चाकांच्या पाठींमधलं अंतर १४.४, राखण्याची फट १.२. एक प्रत सोबत जोडतोय.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग गॅलरीत जाऊन बसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, मापाड्याने शेवटी माप खरं टाकलं." मला मापाडी म्हणणारे जगात तुम्ही एकटेच. सात वर्षांनी ते ऐकलं आणि ताईला म्हटलं, पुन्हा एकदा सांग. तिला वाटलं लाइन खराब आहे.

ती असंही म्हणाली की तुम्ही कपाटावरची इंजिनाची पेटी खाली काढायला लावलीत. उघडली नाही, नुसती टेबलावर ठेवलीत.

ते इंजिन घेऊन या, भाऊजी. एप्रिलमध्ये प्रदर्शन वगैरे काही नाही, गर्दी नाही, फक्त आपलीच दहाबारा माणसं. माझ्याकडे पुढची खोली रिकामी आहे, पलंग खिडकीशी आहे. नाही आलात तरी पत्रं बंद करणार नाही, तेव्हा आलेलंच बरं.

तुमचा मापाडी

२३ एप्रिल

ताई,

या खेपेला पत्र तुला, कारण ज्यांना लिहायचो ते पुढच्या खोलीत दुपारची झोप काढताहेत. घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय. तू चाळीस वर्षं हे कसं सहन केलंस?

फोनवर तुला "सुखरूप पोचले, जेवले, सगळं ठीक" एवढंच सांगितलं, कारण ते शेजारीच बसले होते. आता नीट सांगतो.

स्टेशनवर उतरले ते पेटी छातीशी धरून. मी बॅग घ्यायला पुढे झालो तर म्हणाले, "बॅग घे. पेटीला हात नको." मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाळलास." बस्स. सात वर्षांनंतर एवढंच. घरी येईपर्यंत रस्ता किती खराब झालाय यावर बोललो. रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आहे यावर बोललो. पत्रांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही धीर झाला नाही.

काल सकाळी हॉलवर गेलो. दारातली फळी उचलून आत आले आणि थेट पुलाकडे. चष्मा कपाळावर चढवला, वाकले आणि सांध्यावरून बोट फिरवलं. पुढून मागे, मागून पुढे. मग हात पुढे केला. मी गेज दिलं.

"कुणी बांधला?"

"मी."

"मोजून?"

"मोजून. वहीत आहे सगळं."

"वही ठेव तिकडे," म्हणाले आणि स्वतः मोजलं. शेवटी गेज टेबलावर ठेवून म्हणाले, "चालेल." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण डोळ्यांचा भरवसा नव्हता.

पेटीची सुतळी सुटेना म्हणून मी कापली. गाठ तुझीच, ताई, ती दुहेरी. आत इंजिन त्या रविवारच्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मोडकं धुराडं शेजारी रुमालात. तसंच, बिनधुराड्याचं, त्यांनी रुळावर ठेवलं. मागे पाच डबे. हळूहळू वेग दिला. इंजिन बोगद्यातून आलं, स्टेशन ओलांडलं, पुलाकडे निघालं. भूगोलबाईंनी चक्क डोळे मिटले होते. सांध्यावर बारीकसा "टिक" आवाज झाला, आणि गाडी पुलावर. दुसरी फेरी. तिसरी. दहाव्या फेरीला डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. भाऊजींनी कुणाकडे बघितलं नाही, पण कान लाल झाले होते. तुला ठाऊक आहे ते कान.

मग डॉक्टर क्लबच्या वतीने बोलायला लागले: आमच्याकडून अन्याय झाला, ठराव चुकीचा होता, वगैरे. मला बसवेना. मी मध्येच उठून म्हणालो, "क्लबचा काय संबंध? चूक माझी एकट्याची होती, आणि लपवली मी."

भाऊजींनी गाडी थांबवली.

"पुरे झालं रे," म्हणाले. "किती वेळा तेच? सांधा ढिला होता हे खरं. पण माझ्याही इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याच्या शेवटच्या जोडीत फरक होता. त्या दिवशी घरी गेल्यावर मोजला होता मी. मी तरी कुठे कुणाला सांगितलं? दोघांचं मिळून पडलं ते." आणि पुन्हा गाडी सुरू केली.

सगळ्या हॉलचा जीव भांड्यात पडला. भूगोलबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नदीची तेवढी चूक नव्हती." हसले सगळे. भाऊजीही हसले, आणि चहा मागवला. दुपारभर डॉक्टरांना पातळ कड कशी कातायची ते शिकवत होते, हवेत हात फिरवून. डॉक्टरांच्या मित्राकडे लेथ आहे म्हणे. सोमवारी बघायला जायचंय. तेव्हा परतीचं तिकीट पुढे जाईल असं दिसतंय, तू वाट बघू नकोस. किंवा तूच ये.

आता शेवटचं, आणि हे तू त्यांना कळू देऊ नकोस. आत्ता ते झोपल्यावर मी पेटी उघडली. इंजिनाच्या तीन जोड्या आणि मागच्या कोळशाच्या डब्याच्या तीन. सहाही मोजल्या. शेवटची तर तीनदा. सगळ्या तंतोतंत १४.४, केसाचाही फरक नाही. घरी जाऊन मोजल्या म्हणाले, पण ती पेटी तू हॉलमध्येच बांधली होतीस, आणि तुझी गाठ काल मी कापेपर्यंत कोणी सोडली नव्हती.

मी बराच वेळ ते चाक हातात धरून बसलो. मग होतं तसं गुंडाळून ठेवलं.

घोरणं थांबलंय. उठले वाटतं.

दारात उभे राहून विचारताहेत, "माझ्या इंजिनाला हात लावलास का?"

मी म्हटलं, "छे. मी कशाला लावू?"

तुझा धाकटा